काचपट्टीवरचा निळा ठिपका

प्रौढ मांजराचा मेंदू साधारण 25 ते 30 ग्रॅमचा. त्यात एखाद्या मिलिमीटरची जागा गाठायची, तीही हाडाखाली, खोलवर, डोळ्यांना न दिसणारी. तंत्रज्ञ म्हणून माझी उमेदीची वर्षं याच कामात गेली. आता बंगळुरात, जयनगरात निवांत असतो. निम्हान्स ही मेंदू-मनाच्या आजारांची संस्था हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ‘मेंदूच्या प्रयोगशाळेत होतो’ म्हटलं तर इथे कुणाला नवल वाटत नाही. ‘मांजरांच्या’ म्हटलं की समोरचा माणूस कॉफीचा पेला खाली ठेवतो.

मांजरच का, हा पहिला प्रश्न. कुत्र्याची कवटी जातीगणिक बदलते. मोठ्या झालेल्या मांजरांच्या कवट्या मात्र जवळपास एका मापाच्या निघतात. म्हणून मेंदूचा नकाशा छापता येतो आणि एका मांजरावरून काढलेली मापं दुसऱ्याला लागू पडतात. 1908 मध्ये लंडनच्या हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी यासाठी धातूच्या चौकटीचं वर्णन केलं. भूल दिलेल्या प्राण्याच्या दोन्ही कानांत दांड्या बसवायच्या, डोळ्यांच्या खोबणीची खालची कड पकडायची, आणि तिथून पुढे-मागे, डावी-उजवी, खोली मोजत जायचं. दांडी नीट बसली नाही, तर पुढची सगळी गणितं बरोबर येऊनही उत्तर चुकतं. आमचे कानडी वरिष्ठ ती बसवताना बोलणं बंद करत. खोलीतल्या इतरांनीही करावं, अशी अपेक्षा असे.

नकाशात न दिसणाऱ्या अडचणी हाताला कळतात. मांजराच्या मोठ्या आणि लहान मेंदूच्या मधला पडदा माणसासारखा नुसत्या पापुद्र्याचा नसतो. त्यात हाड असतं. मागच्या भागात जायचं तर सरळ उतरता येत नाही, इलेक्ट्रोड (पेशींची वीज टिपणारी बारीक तार) तिरका धरावा लागतो, आणि तिरकं शिरलं की सगळी मापं नव्याने मांडायची.

पण खरी परीक्षा नंतर. गाढ भुलेतच प्राण्याचा शेवट होतो. हृदयावाटे आधी मिठाचं पाणी, मग फॉर्मालिन सोडतात. पोलादी इलेक्ट्रोडच्या टोकातून आधीच थोडा वीजप्रवाह सोडलेला असतो, त्याने लोखंडाचे कण तिथे राहतात. फेरोसायनाइड मिळालं की त्या जागी निळा ठिपका उठतो. मग मेंदू गोठवून मायक्रोटोमवर 40–50 मायक्रॉनचे काप. काप पाण्यात सायीसारखा तरंगतो. तो मऊ कुंचल्याने जिलेटिन लावलेल्या काचपट्टीवर चढवायचा. घाई केली की चुरगळतो, फार जपलं की घडी पडते. शेवटी क्रेसिल व्हायोलेट या रंगाने पेशी जांभळ्या होतात आणि ठिपका नेमका कुठे आहे ते दिसतं. तोपर्यंत आलेख कितीही देखणा असो, तो कुठल्या पेशींचा हे सांगायचा अधिकार कुणाला नसतो.

आपल्या संशोधकांचं हे काम जुनं आहे. भुकेच्या केंद्रावर बी. के. आनंद यांनी 1951 मध्ये ब्रोबेक यांच्याबरोबर उंदरांवर काम केलं, आणि 1955 मध्ये त्यांचा मांजरं व माकडांवरचा निबंध आला. भूक मारणारी इजा मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या कुठल्या कोपऱ्यात, हा सगळा दावा अशाच कापांवर उभा होता.

हे क्रौर्य नाही का? आहे, त्याला गोंडस नाव देऊ नये. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं 17 वं कलम सांगतं, की लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नये, आणि शक्यतो केवळ हात बसवण्यासाठी प्रयोग करू नयेत. दुसरी अट मला जास्त पटते. कारण प्राणी गेल्यावर काप बिघडवणं म्हणजे त्याला दोनदा मारणं. हात मेलेल्या ऊतीवर बसवावा. जिवंत प्राण्यापाशी तो तयार होऊनच यावा. आज बहुतेक ठिकाणी उंदीर आहेत, मांजर क्वचित. ते योग्यच झालं.

तरीही एका कामापुढे मी नमतो. फ्रान्समधल्या लियाँ इथे मिशेल जुवे यांनी मांजरांच्या झोपेचा अभ्यास केला. स्वप्नांच्या झोपेत शरीर लुळं पडतं, हे त्यांनी 1959 मध्ये मांडलं. पुढे 1965 मध्ये मेंदूच्या देठातल्या पॉन्समध्ये छोटी इजा केल्यावर हे लुळेपण गेलं: गाढ झोपलेलं मांजर मान उचलून, नसलेल्या भक्ष्यावर झेप घेऊ लागलं. 1986 मध्ये अमेरिकेत शेंक आणि माहोवाल्ड यांनी माणसांत असाच आजार नोंदवला. तो बहुधा उतारवयात, पुरुषांत जास्त दिसतो, आणि पुष्कळदा पार्किन्सनच्या कंपवाताच्या कित्येक वर्षं आधी येतो.

म्हणून घरातले आजोबा झोपेत ओरडत असतील, लाथा-बुक्क्या मारत असतील, तर ‘स्वप्न पडलं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा, आणि शेजारी झोपणाऱ्या आजींनाही सोबत न्या. रात्री काय घडतं ते त्याच सांगू शकतात.