यवरसाचे पातेले

इंग्लंडात लीड्स येथे राहणारा माझा भाचा, तयार अर्क विकत आणून त्यात पाणी मिसळण्याचा सोपा मार्ग सोडून, मोड आणून भाजलेल्या सातूच्या दाण्यापासूनच घरी बिअर करतो, आणि त्याने परवा विचारले आहे की, “मामा, २० लिटरच्या घाण्याला पुरेल असे तांब्याचे पातेले पुण्याच्या तांबट आळीत मिळेल का?” त्याच्या देशात १८८० पासून चालत आलेला घरगुती बिअरचा परवाना १९६३ साली रद्द झाला, त्यामुळे तो निर्धास्त आहे, आमच्याकडे मात्र १९४९चा दारूबंदीचा कायदा अद्याप अंमलात असल्याने, अबकारी खात्याची परवानगी नसता हा उद्योग मुळशी तालुक्यात आरंभणे म्हणजे फौजदारी ओढवून घेणे होय. तेव्हा आमचा अधिकार भांड्यापुरता. आणि भांड्यांविषयी मत नसलेला मराठी गृहस्थ माझ्या तरी पाहण्यात नाही.

भरडलेला सातू सुमारे ६६ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर मुरत ठेवला की दाण्यातील पिष्टाची शर्करा होते; चोथा मागे ठेवून तो गोड यवरस काढून घ्यायचा आणि हॉप्सची कडवट फुले घालून आणखी तासभर खळखळ उकळायचा, एवढे या विद्येचे अग्निकार्य आहे. आता हाती २० लिटर हवे, तर चुलीवर २७ लिटरच्या आसपास चढवावे लागते, कारण तासाभरात तीन-चार लिटर वाफ होऊन जाते आणि काही गाळात अडकते. शिवाय पहिली उकळी फुटताना फेसाचा जो लोट वर येतो, त्याला वावरायला जागा ठेवली नाही तर शेगडी, ओटा आणि गृहिणीचा संतोष हे तिन्ही एकदमच जातात. म्हणून ४० लिटरहून लहान भांड्याची शिफारस मी करणार नाही.

आकाराचा विचार करताना मला दौंडकडच्या गुऱ्हाळातील काहील आठवते. ती पसरट आणि उथळ, कारण तिथे पाणी उडवून रस घट्ट करणे हाच हेतू. यवरसाला तेवढे आटवणे नको असते, म्हणून त्याच्या भांड्याची उंची रुंदीहून थोडी अधिक असावी.

धातूचा प्रश्न मात्र असा एका वाक्यात सुटणारा नाही. कसबा पेठेतल्या त्या आळीत शिरताच ठोक्यांचा नाद कानी येतो; लोखंडी टेकूवर भांडे फिरवीत, एकाशेजारी एक असे घाव घालीत कारागीर मठारकाम करीत असतो, आणि त्या प्रत्येक घावाने पत्र्यावर चकाकती खळी उमटते एवढेच नव्हे, तर मऊ तांबे कठीण होऊन भांड्याच्या अंगी ताठपणा येतो. उष्णता वाहून नेण्यात तांबे स्टेनलेस स्टीलहून सुमारे २५ पट सरस. युरोपातील जुन्या बिअरभट्ट्यांनी त्यालाच मान दिला, तो काही केवळ शोभेसाठी नव्हे. पण यवरस किंचित आंबट असतो, आणि तांब्यावर हिरवा कळंक चढलेला असला तर तो रसात उतरतो. तेव्हा भांडे दर वेळी लख्ख घासा, नाहीतर कल्हई लावा. कल्हईसाठी भांडे तापवावे, नवसागराची भुकटी टाकून पांढरा धूर उठला की कथील फिरवावे आणि कापसाच्या बोळ्याने ते रुपेरी पाणी आतून सर्वत्र पसरवावे. हे करणारा पौडच्या बाजारातदेखील आता शोधावा लागतो, मग लीड्समध्ये तो कुठून यायचा? शिवाय कथील २३२ अंशांवर वितळते. रस आहे तोवर भय नाही, परंतु भांडे चुकून कोरडे तापले की कल्हई गेलीच.

मंडपवाल्यांचे ॲल्युमिनियमचे टोप हलके, स्वस्त आणि उष्णतेला उदार, पण कास्टिकसारख्या तीव्र क्षाराने धुतले की धातूच खाल्ला जातो. उरले स्टेनलेस स्टील. पातळ बुडाच्या स्टीलमध्ये ज्वाळेच्या डोक्यावर रस करपतो, म्हणून बुडात ॲल्युमिनियमचा थर दाबून बसवलेले, ठोकल्यावर खणखणीत नव्हे तर बद्द वाजणारे भांडे पाहावे. तळाशी तोटी हवीच, कारण तीस किलोंचे उकळते ओझे उचलून ओतणे हा शौर्याचा नव्हे, पोळण्याचा मार्ग. पण ती तोटी सुटी करून आतून धुता आली पाहिजे, कारण चिकट रस आट्यांत दडतो आणि तिथेच कुजतो.

भाच्याची आणखी एक इच्छा मावळ-मुळशीचा आंबेमोहोर त्या रसात घालण्याची आहे. तांदळाचे पिष्ट ६६ अंशांना नीट फुलत नाही, तो आधी वेगळा शिजवून घ्यावा लागतो. आणि शिजवून चोथ्यातच जायचा असेल तर अख्खा दाणा कशाला, कणी पुरे.

एकूण, तांब्याचे पातेले मी पाठवणार नाही. ४० लिटरचे, जाड बुडाचे, सुट्या होणाऱ्या तोटीचे स्टीलचे भांडे त्याने तिथेच घ्यावे. तांबट आळीतला पाणी प्यायचा तांब्या हवा असेल तर तसे कळवावे, तो आनंदाने धाडीन.