पस्तीस वर्षं तात्पुरती

चर्चच्या कायद्याच्या भाषेत माझी आई 'तात्पुरती' होती. 1986 साली लग्न होऊन ती वसईतल्या आमच्या गावात आली आणि त्याच वर्षी आगमनकाळातल्या एका रविवारी तिने मिस्सात पहिलं वाचन केलं. तेव्हापासून तिची पाळी दोन बाळंतपणं आणि गुडघ्याचं एक ऑपरेशन सोडलं तर कधी चुकलेली नाही. आदल्या रात्री ती स्वयंपाकघरात उतारा तीनदा मोठ्याने वाचते. परक्या नावांवर पेन्सिलीने खुणा करते. नबुखद्नेस्सर तिला एका दमात म्हणता येतो, आणि त्याचा तिला थोडा गर्वही आहे.

मिस्सा म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रविवारच्या उपासनेचे दोन मोठे भाग असतात. आधी बायबलमधली वाचनं, मग वेदीवरचा भाकर-द्राक्षारसाचा विधी आणि कम्युनियन. शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्राचा भाग, फादर किंवा डीकनच वाचतात. त्याआधीची दोन वाचनं आमच्यासारखी साधी माणसं करतात. हे वाचणारे, वेदीवर मदत करणारी मुलं, आजाऱ्यांना घरी कम्युनियन नेणारे, गायक, धर्मशिक्षणाचे वर्ग घेणारे, अशा सगळ्यांवर आमचा रविवार उभा असतो. आणि यातल्या बहुतेक कामांत आता बायाच जास्त दिसतात.

मग तात्पुरती का? पोप पॉल सहावे यांनी 1972 साली दोन पदं सामान्य माणसांसाठी खुली केली, वाचकाचं आणि वेदीसेवकाचं. बिशपच्या हातून विधिपूर्वक मिळणारी, कायमची पदं. पण त्याच कागदावर लिहिलं की परंपरेनुसार ती पुरुषांसाठीच राखीव आहेत. झालं असं की ही पदं बहुधा फादर व्हायला निघालेल्या तरुणांनाच मिळू लागली, पायरी म्हणून. रोजच्या कामाला तर माणसं हवीच होती. तेव्हा 1983 च्या नव्या कायद्यात कलम 230 मध्ये सोय झाली: बाकीच्यांना, बायकांनासुद्धा, 'तात्पुरत्या नेमणुकीने' वाचन करता येईल. लॅटिनमध्ये 'तेम्पोरानेआ'. आईची सगळी वाचनं त्या एका शब्दावर चाललेली होती.

मला हा शब्द लागतो, कारण मी कॉलेजात मराठी शिकवते ती तासिका तत्त्वावर. दर वर्षी नवी ऑर्डर, मे महिन्यात पगार नाही, परीक्षेची सगळी कामं मात्र आपलीच. वर्गातल्या मुलांना यातला फरक कळत नाही, त्यांच्यासाठी मी मॅडमच. फरक मला कळतो, आणि ज्याच्या हातात ऑर्डर आहे त्याला कळतो. म्हणून कोणी म्हणालं की, 'काम करायला मिळतंय ना, मग पदाचं काय एवढं,' तर मला त्या माणसाची नोकरी पक्की असल्याचा संशय येतो.

अर्थात आईच्या आधीच्या बायकांना हेही नव्हतं. 1917 च्या कायद्यात लिहिलं होतं की वेदीवर मदतीला बाई घ्यायची नाही. पुरुषच नसेल आणि तसंच कारण असेल तर तिने लांबून उत्तरं द्यावीत, वेदीजवळ मात्र कुठल्याही परिस्थितीत येऊ नये. वेदीवरची काही वस्त्रं धुवायला बायकांकडे देण्याआधी दीक्षित माणसाने स्वतः एकदा विसळायची असत. माझी आजी चर्चची झाडलोट करायची, फुलं लावायची, आणि मिस्सा लॅटिनमध्ये चालू असताना मागे बसून रोझरीचे मणी ओढायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लोकांच्या भाषेत आली. मराठी आली आणि हळूहळू बायकाही आल्या, पण कशा? 1969-70 च्या नियमांत वाक्य असं होतं की योग्य पुरुष उपलब्ध नसेल तर बिशपांची परिषद बाईला वाचू देऊ शकते, मात्र वेदीच्या परिसराबाहेर उभं राहून. उंबऱ्याच्या आत नको. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आपल्याकडचे दुसरे बरेच उंबरे आठवले. तुम्हालाही आठवतील.

आजीला अक्षरओळख नव्हती. सुनेने पहिल्यांदा वाचलं त्या रविवारी घरी येऊन ती काही बोलली नाही, असं आई सांगते. फक्त सोमवारी विहिरीवर शेजारणीला म्हणाली, 'काल मला सगळं कळलं.'

आई कम्युनियनही नेते. 1973 पासून अशी परवानगी आहे की फादर पुरे पडत नसतील तर सामान्य माणसांना, बायांनाही, हे काम देता येतं. या सेवकांचं अधिकृत नाव मोठं गमतीचं आहे: 'असाधारण सेवक'. वाटतं काहीतरी थोर. पण चर्चच्या भाषेत असाधारण म्हणजे नेहमीचा नसलेला, नेहमीचा नसताना चालवून घेतलेला. आईला हा अर्थ मी सांगितला तेव्हा ती हसली. तोवर ती कौतुकच समजत होती.

रविवारी मिस्सा संपला की ती एका छोट्या गोल धातूच्या डबीत पवित्र भाकर घेते, डबी गळ्यातल्या पिशवीत ठेवते आणि निघते. वाटेत कोणी भेटलं तरी बोलायचं नाही, अशी तिची शिस्त. गावात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे रिक्षावालाही नुसती मान हलवतो. सात-आठ घरं असतात. बहुतेक ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या. आई गेली की त्या आधी केस सारखे करून घेतात. टेबलावर पांढरं कापड, मेणबत्ती, एक फूल. प्रार्थना, कम्युनियन, मग थोडा वेळ गप्प बसणं. त्यानंतर मात्र सुनांच्या तक्रारी, केळीचा भाव, रात्री झोप न येणं, सगळं. फादर आले तर यातलं काही निघत नाही. ते पाच मिनिटांत जातात आणि म्हाताऱ्याही त्यांच्यापुढे चांगल्या वागतात.

त्यातल्या एका घरात नवरा-बायको दोघंही आजारी होते. बाबा म्हणाले, 'बाईच्या हातून मी घेणार नाही. फादरला पाठव.' आईने वाद घातला नाही. त्यांच्या बायकोला कम्युनियन दिलं, बाबांची तब्येत विचारली, घरी आली. फादरना महिन्याच्या पहिल्या शुक्रवारीच जमायचं. त्यामुळे एका खोलीतल्या दोन खाटांपैकी एकीवर दर रविवारी कम्युनियन आणि दुसरीवर महिन्यातून एकदा, असं चार वर्षं चाललं. बाबा गेले तेव्हाही ते मतावर ठाम होते. आई त्यांच्याबद्दल एक शब्द वाईट बोलत नाही. मी बोलले असते.

वेदीवरच्या मुलांचा विषय मला जास्त जवळचा. माझा भाऊ आठव्या वर्षी पांढरा झगा घालून घंटी वाजवू लागला. मी दहा वर्षांची होते, 2001 साल. तोवर रोमने मुलींना परवानगी देऊन सात वर्षं झाली होती. 15 मार्च 1994 च्या पत्रात बिशपांना सांगितलं होतं की तुमच्या धर्मप्रांतात ठरवा. (दोनच महिन्यांनी, 22 मेला, पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केलं की स्त्रियांना गुरुदीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाहीच. एका वर्षात दोन्ही उत्तरं.) पण बिशपनी हो म्हटलं तरी गावच्या फादरवर सक्ती नव्हती, हेही रोमनेच स्पष्ट केलं. म्हणजे नाक्यापलीकडच्या चर्चमध्ये मुली वेदीवर आणि आमच्याकडे नाहीत, असं घडू शकत होतं, आणि घडत होतं. मी फुलांच्या गटात गेले. आजीच्याच.

पुढे एका फादरनी मुलींना घेतलं. माझी भाची तेव्हा नऊ वर्षांची होती. धूपपात्र कुठल्या कोनात धरायचं यावर ती घरी आम्हाला व्याख्यान द्यायची. मग त्यांची बदली झाली. नवीन फादर आले आणि तीन वर्षांपूर्वी जूनमध्ये मुलींना सांगण्यात आलं की आता त्यांनी गायकवृंदात यावं. कोणाचा अपमान झाला नाही, आवाज चढला नाही. पालकसभेत कारण दिलं की मुली आल्या की मुलगे येईनासे होतात, आणि वेदीवर मुलगे नसतील तर उद्या सेमिनरीत कोण जाणार? हे अगदी पोकळ कारण नाही. वेदीवर वाढलेल्या मुलांतून फादर होतात हे 1994 च्या पत्रातही म्हटलं होतं, आणि माझ्या भावाच्या तुकडीतल्या अकरांपैकी एक आज फादर आहे. पण त्या सभेत बसून मला एवढंच दिसत होतं की अकरा वर्षांच्या मुलीला आपण सांगतोय, तू काम चांगलं करतेस हीच अडचण आहे. भाचीने झगा धुऊन, इस्त्री करून परत दिला. परवानगीवर मिळालेली गोष्ट बदलीबरोबर जाते, हे तिला माझ्यापेक्षा वीस वर्षं आधी कळलं.

10 जानेवारी 2021 रोजी पोप फ्रान्सिस यांनी कलम 230 बदललं. बदल किती? एका शब्दाचा. आधी मजकूर सुरू व्हायचा 'विरी लाइची', म्हणजे सामान्य पुरुष. आता नुसतं 'लाइची', सामान्य जन. 'विरी' खोडला. हाच शब्द 2016 मध्येही एकदा खोडला गेला होता: पवित्र गुरुवारी फादर ज्या बारा जणांचे पाय धुतात ते पुरुषच असावेत, हा नियम तेव्हा गेला. मुळात फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये रोममधल्या बालसुधारगृहात जाऊन मुलींचेही पाय धुतले होते. नियम तीन वर्षांनी मागून आला. वाचकपदाचंही तसंच. 23 जानेवारी 2022 ला त्यांनी स्वतः सेंट पीटर्समध्ये स्त्रियांना वाचक आणि धर्मशिक्षक म्हणून विधिपूर्वक नेमलं. मी ते मोबाइलवर लाइव्ह बघत होते. आईला हाक मारली. ती आली, दोन मिनिटं उभी राहिली आणि म्हणाली, 'केस नीट बांधायला हवे होते त्या मुलीने.'

आमच्या गावात अजून कोणाला ते पद मिळालेलं नाही. वाचकांची यादी आधी नोटीसबोर्डावर लागायची, आता व्हॉट्सॲपवर येते, एवढाच बदल. आईला विचारलं, मिळालं तर घेशील? 'या वयात मला काय करायचंय, तू घे.' हे तिचं उत्तर मला पटलेलं नाही. मला ते तिला मिळायला हवंय, तिच्या हयातीत, सगळ्या गावासमोर, त्या बाबांच्या मुलांसमोरही.

आणि तरी खरं सांगायचं तर पदापेक्षा मला अलीकडे पुस्तकच जास्त छळतं. वाचक झालं की उतारा कुठे सुरू होतो आणि कुठे थांबतो याकडे लक्ष जातं. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा नावाच्या दोन सुइणी आहेत. फारोने मुलगे मारायचा हुकूम दिला, या दोघींनी तो मोडला. रोजच्या वाचनांत हा अध्याय दर विषम वर्षी येतो, पण आठ ते चौदा ओव्या झाल्या की एकदम बाविसावी. सुइणी मधल्यामध्ये गायब. ईस्टरच्या रविवारी दिवसाच्या मिस्साला योहानाचं शुभवर्तमान नवव्या ओवीवर थांबतं. पेत्र आणि दुसरा शिष्य रिकामी कबर बघतात. मग्दालिया मरिया कबरीशी रडत उभी राहते, येशू तिला नावाने हाक मारतो, ते दोनच ओव्यांनंतर आहे. ते मंगळवारी वाचतात. मंगळवारी चर्चमध्ये किती लोक असतात? (तिचा सण 22 जुलैला असतो, 2016 मध्ये त्याचा दर्जा प्रेषितांच्या सणांइतका केला, हेही नोंदवायला हवं.)

2023 च्या नोव्हेंबरात शनिवारच्या सकाळच्या मिस्साला माझी पाळी होती. रोमकरांस पत्र, अध्याय सोळा, ओवी तीनपासून. पहिल्या दोन का गाळल्या म्हणून रात्री बायबल उघडलं. त्यात फिबी आहे. पौल रोमच्या लोकांना सांगतो की ही आपली बहीण, किंख्रियाच्या मंडळीची सेविका, हिला नीट स्वीकारा, हिने माझ्यासह पुष्कळांना मदत केली आहे. मूळ ग्रीक शब्द आहे 'दियाकोनोस'. त्याच शब्दापासून डीकन आला. बायका डीकन होऊ शकतील का, यावर फ्रान्सिस यांनी 2016 आणि 2020 मध्ये दोन अभ्यासगट नेमले, आणि 2024 च्या सिनडच्या शेवटच्या दस्तऐवजाने तो प्रश्न खुला आहे असं म्हटलं. आमच्या शनिवारच्या वाचनात मात्र तिचं नाव नाही. मी तिसऱ्या ओवीपासून वाचलं. उतारा बदलायचा अधिकार वाचकाला नसतो.

वाडीतल्या क्रुसाकडे असा काही नियम नाही. ऑक्टोबरात रोज संध्याकाळी तिथे रोझरी असते. ती बायकाच चालवतात, आजीच्याही आधीपासून, आणि त्यासाठी कधी कोणाची नेमणूक झालेली नाही. मेणबत्त्या, डासांची अगरबत्ती, प्लास्टिकच्या खुर्च्या, शेवटी चणे किंवा केळी. गेल्या ऑक्टोबरात आईने मला वाचायला सांगितलं तेव्हा मी सोळावा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचला.

वाचून झाल्यावर मागून एका म्हातारीने विचारलं, 'ही फिबी कुठली?'

'किंख्रियाची. करिंथजवळ बंदर होतं.'

'म्हणजे कोळीण?'

मी म्हटलं, 'ते लिहिलेलं नाही. पण हे पत्र तिनेच रोमला पोचवलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात.'

'एवढ्या लांब? एकटी?'

मग तिथे त्यावरच चर्चा सुरू झाली. होडीने गेली असेल की चालत, सोबत कोणी असेल की नाही, घरी पोरं कोणाकडे ठेवली असतील. भाची म्हणाली, नकाशात बघते, आणि मोबाइल काढला. आईने मणी हातात घेतले आणि जरा वाट पाहिली.