थांबण्याविषयी थोडेसे

मोटार विकत घेऊ पाहणारा गृहस्थ प्रथम विचारतो, "पळते किती?" त्याचा दुसरा प्रश्न, "पेट्रोल किती खाते?" "थांबते कशी?" असे विचारणारा मनुष्य आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. चालणे तेवढे कर्तबगारीचे आणि थांबणे आपोआप घडणारे, अशीच आपली सर्वांची समजूत दिसते.

या समजुतीचा दाखला आमच्या पालम गावी रस्त्यावर चालताना दिसतो. पूर्वीच्या बैलगाडीस लाकडी चाके, त्यांवर लोखंडी धाव आणि वंगण घातलेला आस असे. आता रबरी टायरांची गाडी आली आहे. जुन्या मोटारीचा अगर जीपचा आस भंगारातून आणूनही तिला बसवितात. उसाच्या वाहतुकीत तर ही 'टायरगाडी' मराठवाड्यास चांगलीच परिचयाची आहे. चाक हलके फिरू लागले, ओझे वाढले, सपाटीवर बैलांसही सुख झाले. परंतु मोटारीचा आस आला तरी त्याबरोबर मोटारीचा ब्रेक काही आला नाही. जुन्या चाकाचे जडपण उतारावर गाडीस थोडेफार आवरून धरी. आता तो आधारही गेला, आणि उतार लागताच सारे ओझे मागून बैलांस रेटू लागते. गाडीवान कासरा खेचतो, बैल खुर रोवतात, आणि जू त्यांच्या मानेवरून शिंगांकडे सरकते. चालण्याची सोय आपण यंत्राकडून घेतली. थांबण्याचे काम मात्र बैलाकडेच ठेवले.

आसाचा हा प्रश्न आमच्या घरीही नुकताच उपस्थित झाला. आमची गाडी प्रीमियर पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून ही गाडी होऊ लागली आणि १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईतील टॅक्सी म्हणून तिची चाकरी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमच्याकडील चाकरी अजून चालू आहे. तिच्या चारही चाकांस जुन्या पद्धतीचे ड्रमचे ब्रेक आहेत.

पुण्याकडे मोटारींच्या धंद्यात असलेले आमचे एक माजी विद्यार्थी दिवाळीत भेटीस आले, ते गाडी पाहून म्हणाले, "सर, मागचं एक्सलच काढून टाकू. नव्या गाडीचं डिस्क ब्रेकवालं बसवू. जागच्या जागी थांबेल!" घरातील मंडळींस हे तत्काळ पटले. आमचे वृद्ध मिस्त्री तेवढे गप्प होते. शेवटी ते म्हणाले, "मागं जोर वाढवाल सर, पण पुढचं काय?"

या एका प्रश्नात सारे शास्त्र आले आहे. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० या गाडीत इंजिनाची ओढ पुढच्या चाकांस असते. तिचा मागला आस केवळ भार वाहतो. पद्मिनीत इंजिन पुढे, पण ओढ मागे. तेव्हा तिचा मागला आस म्हणजे नुसता दांडा नव्हे. इंजिनाची शक्ती दोन्ही चाकांस वाटून देणारी दातेरी चक्रे त्याच्याच पोटात असतात. परका आस घातला की दातांचे प्रमाण बदलते. समजा, पूर्वी चाकाच्या एका फेऱ्यास मधला दांडा ४.३ वेळा फिरत होता आणि आता ३.९ वेळा फिरू लागला. तर वेगाचा काटा ६० दाखवील तेव्हा गाडी ६६ ने धावत असेल. थांबविण्यासाठी केलेला उपाय असा नकळत वेगच वाढवितो.

ब्रेकची गोष्ट याहून गहन आहे. एस्. टी. एकदम थांबली की उभे उतारू पुढे झुकतात. तसाच गाडीचा भारही पुढे झुकतो. पुढची चाके रस्त्यावर दाबली जातात, मागची हलकी होतात. जितका भार अधिक, तितकी रस्त्याशी पकड अधिक. म्हणून कारखानदार ब्रेकचा जोर पुढे अधिक आणि मागे कमी ठेवतो. मागेच जोर वाढविला तर हलकी झालेली मागची चाके आधी जखडतात, आणि जखडलेल्या चाकास बाजूला सरकण्यापासून आवरणारे काही उरत नाही. गाडीची शेपटी फिरून पुढे येऊ पाहते. पुढची चाके आधी जखडली, तर गाडी वळत नाही, पण निदान सरळ तरी जाते. म्हणजे एक ब्रेक बलवान करावा आणि त्यामुळेच गाडी ताब्याबाहेर जावी, असा हा चमत्कार आहे!

आसाच्या बदलीची आपल्याकडील प्रसिद्ध कथा कैकेयीची. ऐन युद्धात दशरथाच्या रथाचा आस मोडला तेव्हा तिने त्या जागी आपला हात घातला, असे कीर्तनकार सांगतात. रथ चालला, युद्ध जिंकले. किंमत मात्र पुढे रामाच्या राज्याभिषेकाच्या वेळी दोन वरांच्या रूपाने द्यावी लागली. बदललेल्या भागाचा हिशेब बसविण्याच्या दिवशी होत नाही; तो पावसाळ्यात, बालाघाटच्या एखाद्या निसरड्या उतारावर होतो.

आम्ही आस बदलला नाही. चारही ड्रम लेथवर साफ करून घेतले, लायनर, सिलिंडर आणि रबरी नळ्या नव्या घातल्या, आणि चारही चाके सारखी धरतात की नाही हे मिस्त्रींनी मोकळ्या रस्त्यावर पुनःपुन्हा पाहिले. गाडी जागच्या जागी थांबत नाही. तशी कोणतीच गाडी थांबत नसते. वेग दुप्पट केला की ब्रेक लागल्यानंतर थांबण्यास अंतर चौपट लागते, हा नियम डिस्कलाही चुकलेला नाही. आमची गाडी सरळ रेषेत थांबते, आणि ती ४० च्या वर न नेणे हे आमच्याच पायाच्या स्वाधीन आहे.

मोटारीसंबंधी विचार करावयास कारखानदार असतो, मिस्त्री असतो, कायदाही असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, मूळ रचनेहून नोंदणीपत्रातील तपशील भिन्न होईल असा फेरफार मालकास मनास येईल तसा करू देत नाही. परंतु हा कायदा यंत्राने चालणाऱ्या वाहनापुरता. टायरगाडीचा आस बदलला, त्याची नोंद कोठेच नाही, आणि "पुढचं काय?" हे विचारण्यास बैलांस वाचा नाही. ज्यांना आस बदलण्याची विद्या अवगत आहे अशा आमच्या तरुण मित्रांनी एक ब्रेक त्या गाडीस बसवून द्यावा. खरी गरज तेथे आहे.