चढावरची सायकल

चढ लागला कीं सायकलवरून उतरावें आणि ती हातानें ढकलीत न्यावी, यांत कांहीं कमीपणा आहे अशी समजूत मीं सोळाव्या वर्षीं कॉलेजसाठीं पुण्यास आल्यावर करून घेतली. कात्रजचा घाट पाय न टेकतां चढून जाणारा मुलगा त्या वेळीं आमच्या वसतिगृहांत वीर समजला जाई. मी त्या वीरांपैकीं कधींच नव्हतों. पण पाय टेकतांना आसपास कोणी बघत नाहीं ना, एवढें पाहण्याइतका अभिमान मजजवळ होता. तो पन्नास वर्षें टिकला, आणि गेल्या वर्षीं ऑक्टोबरांत दक्षिण फ्रान्समधल्या एका डोंगरावर एकदांचा गळून पडला.

आमचे चिरंजीव गेलीं अकरा वर्षें तूलूझ शहरीं विमानांच्या कारखान्यांत नोकरीस आहेत. त्यांनीं मला बोलाविलें तें तीन दिवसांच्या सायकल-सहलीसाठीं; मी गेलों तो मात्र निराळ्याच कामासाठीं. "परत केव्हां येणार?" हा प्रश्न मीं टेलिफोनवर पुष्कळदां विचारला होता, आणि टेलिफोनवर त्याला "बघूं" याखेरीज उत्तर मिळत नाहीं. म्हणून या खेपेस तो मीं सामानाबरोबर नेला होता. समोरासमोर बसून काढावयाचा, असा बेत होता.

सायकल पाहून मी प्रथम बिचकलों. तिला तिकडे ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखें खालीं वळलेलें, टायर मात्र अंगठ्याच्या दुप्पट रुंद. डांबरी सडक सोडून शेताबांधांच्या आणि रानांतल्या खडीच्या वाटांनीं जाण्यासाठीं ती मुद्दाम घडविलेली असते. तिला गिअरही भरपूर. चढावर मनुष्यानें असें साहाय्य घ्यावें कीं घेऊं नये, हा त्या देशांतला जुना वाद आहे. 'व्हेलोसिओ' या नांवानें लिहिणारा सेंत-एतिएनचा पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) यानें सहलीच्या सायकलीस गिअर हवेत म्हणून जन्मभर आग्रह धरला. उलट, १९०३ मध्यें 'तूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू करणारा आंरी देग्रांज याच्या मतें गिअर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांचें काम. आणि त्या शर्यतींत गिअर बदलण्याच्या यंत्रास १९३७ पर्यंत मज्जाव होता. माझी पंचेचाळिशी उलटून वीस वर्षें झालीं असल्यामुळें देग्रांजच्या कायद्यानेंही मला मोकळीक होती.

पहिल्या दिवशीं सकाळीं सायकली आगगाडींत घालून आम्ही व्हँद्राकच्या स्टेशनावर उतरलों. सारें खोरें धुक्यानें भरलें होतें, आणि त्या धुक्यावर कॉर्द गांव अधांतरीं तरंगत होतें. काथार पंथीयांविरुद्ध १२०९ मध्यें सुरू झालेल्या धर्मयुद्धानें हा मुलूख होरपळला असतां, १२२२ मध्यें तूलूझचा काउंट सातवा रेमों यानें हें गांव टेकडीच्या माथ्यावर वसविलें. १९९३ पासून त्याच्या नांवापुढें 'आकाशावरचें' अशी अधिकृत जोड लागली आहे. तें आकाश गांठतांना मी तीनदां उतरलों. तिन्ही वेळां बुटाची नाडी बांधण्याचें निमित्त केलें. चिरंजीव वर जाऊन थांबत आणि माझ्या नाड्यांविषयीं कांहीं विचारीत नसत.

तेथून पुढें पांढऱ्या खडीच्या वाटा, ओकचीं खुरटीं झाडें, दगडांचे गडगे. गडगा पाहिला कीं मला कोंकण आठवतें. माझें लहानपण राजापुराकडच्या एका वाडींत गेलें. दुपारीं नाझाक आलें. आव्हेरों नदीच्या वळणावर उंच धारेवरून गेलेला एकच लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंस घरें, टोकाला तेराव्या शतकांतला किल्ला, वाटेंत १३४४ सालचें दगडी कुंड. सारें चित्रासारखें होतें. पण बहुतेक घरांच्या खिडक्यांची लांकडी दारें आंतून लावलेलीं होतीं.

दुसऱ्या दिवशीं चेस्टनटचीं रानें लागलीं. काटेरी बोंडें चाकांखालीं फुटत होतीं. गव्हाला चांगली जमीन नसलेल्या या डोंगरांत गरिबांनीं कित्येक पिढ्या याच फळावर हिंवाळा काढला. नाचणीच्या भाकरीवर वाढलेल्या मला तें निराळें समजावून सांगावें लागलें नाहीं. एका वस्तींत पाणी मागितलें, तेव्हां एका आजीबाईंनीं बाटल्या भरून दिल्या आणि आम्हांस बांकावर बसविलें. त्यांचें बोलणें चिरंजीव मला मराठींत सांगत होते. बाईंचीं दोन्ही मुलें पॅरिसला. ऑगस्टांत सगळीं येतात, खिडक्या उघडतात, अंगणांत लांब टेबल मांडतात, आणि महिना सरला कीं घर पुन्हा मिटतें. मी चटकन् बोलून गेलों, "अरे, म्हणजे हे यांचे गणपती!" चिरंजीवांनीं तें भाषांतर केलें कीं नाहीं, कोण जाणे.

पुढें वाटेंत त्यानें मला या जिल्ह्याची हकीकत सांगितली. येथली माणसें पॅरिसला गेलीं, तेथें त्यांनीं पाणी वाहिलें, कोळसा व जळाऊ लांकूड विकलें, मग त्याच दुकानांत दारूचा पेला ठेवला, आणि पाहतां पाहतां पॅरिसचे किती तरी कॅफे आव्हेरोंवाल्यांच्या हातीं आले. १८८४ मध्यें चाळीस कुटुंबें तर थेट अर्जेंटिनांत गेलीं आणि त्यांनीं तेथें पिग्वे नांवाचें गांव वसविलें. आव्हेरों जिल्ह्याची वस्ती १८८६ मध्यें ४ लाखांवर होती. आज ती ३ लाखांच्याही आंत आहे. त्यांत महायुद्ध आलें. प्रत्येक चौकांत १९१४ ते १९१८ मध्यें पडलेल्यांचा स्तंभ असतो, आणि एवढ्याशा खेड्याच्या स्तंभावर तींच दोन-तीन आडनांवें पुनः पुन्हां वाचतांना आपल्याकडचे वीरगळ आठवतात.

तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, ज्या गांवांस आम्ही सुंदर सुंदर म्हणत होतों तीं पुष्कळशीं गरिबीनें जपलेलीं होतीं. जुनें पाडून नवें बांधावयास लागतो तो पैसा आणि तीं माणसें, दोन्ही दुसरीकडे गेलीं होतीं.

तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं दूर्दू नदीच्या खोऱ्यांतून कोंक गांवाचा शेवटचा चढ लागला. गिअर संपले, पायही संपले. या खेपेस नाडीचें निमित्त मला सुचलें नाहीं. मी उघडपणें उतरलों आणि सायकल ढकलूं लागलों. मागें वळून पाहिलें, तों चिरंजीवही उतरलेले. त्याला उतरण्याचें कारण नव्हतें. तो माझ्या शेजारून चालूं लागला. तीन दिवसांत प्रथमच आम्ही एका ओळींत आलों होतों. आतां विचारावें, असें मीं मनाशीं ठरवीत होतों, इतक्यांत तोच म्हणाला,

"बाबा, आपलं राजापूरचं घर तुम्ही शेवटचं केव्हां उघडलंत?"

मीं मनांत हिशेब केला. नऊ वर्षें झालीं होतीं.

"अण्णा असतांना तुम्ही वर्षांतून कितीदां जायचात?"

"गणपतींत. कधीं कधीं मे महिन्यांत."

"आणि ते विचारायचे?"

अण्णा विचारीत. माझी एस्. टी. सुटावयाच्या वेळीं ते छत्री टेकून थांब्यावर उभे राहत आणि विचारीत, "आतां पुन्हा कधीं यायचास?" मी खिडकींतून म्हणें, "बघूं." तो शब्द चिरंजीवांनीं कोठून उचलला याचा मीं आजवर शोध केला नव्हता.

हें सारें मीं त्याला त्या चढावर सांगितलें. त्यानेंही कांहीं सांगितलें: दर वेळीं विमानतळावरून परततांना तो एकटाच गाडींत किती वेळ बसून राहतो, तें. सायकलवर बसून हें बोलणें झालें नसतें. सपाटीवर तो पुढें असतो, उतारावर दोघांचेही कान वाऱ्यानें भरलेले असतात, आणि चढावर बसलेल्या माणसास बोलण्यापुरता श्वास उरत नाहीं.

कोंकचें मठमंदिर एके काळीं पडावयास आलें होतें. प्रॉस्पेर मेरिमे हा सरकारी स्मारक-निरीक्षक १८३७ मध्यें येथें आला आणि त्याच्या खटपटीनें तें वांचलें. दारावर बाराव्या शतकांतलें अखेरच्या न्यायनिवाड्याचें शिल्प आहे; त्यांत १२४ आकृति आहेत. पुण्यवान एका बाजूस, पापी दुसऱ्या बाजूस. पण माझी नजर खिळली ती कमानीच्या कडेवर. तेथें दगडी पट्टीआडून कांहीं इवलींशीं तोंडें बोटांनीं कड धरून डोकावत आहेत. न्याय दुसऱ्यांचा चालला आहे आणि आपण नुसते बघे आहोंत, असा त्यांचा भाव. मी त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिलों.

नेलेला प्रश्न मीं तसाच परत आणला. पुण्यास आल्यावर प्रथम राजापूरच्या घराची किल्ली शोधली. कपाटाच्या तळाशीं सांपडली, गंजलेली. तेल लावून ठेवली आहे.