मातीची पुंजी

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलं विचारतात, "टीचर, जंगल तोडलं तर नायट्रोजनचं चक्र थांबतं का?"

थांबत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात बोरमन, लायकन्स आणि सहकाऱ्यांनी १९६५च्या हिवाळ्यात एका ओढ्याच्या पाणलोटातली सगळी झाडं तोडली. पुढे तणनाशक फवारून नवी पालवीही रोखली. मातीतले जिवाणू नायट्रेट बनवतच राहिले. पण ते शोषून घ्यायला मुळं नव्हती. दुसऱ्या वर्षी ओढ्यातलं नायट्रेट न तोडलेल्या जंगलाच्या मानाने सुमारे ५६ पट झालं.

सावली गेली हे लगेच दिसतं. मातीची पुंजी गेली, हे ओढ्याचं पाणी तपासल्यावरच कळतं.