मानपत्र कोणास द्यावें?

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या पुतण्याच्या लहानशा कारखान्यास 'पर्यावरणस्नेही उद्योग' म्हणून एका संस्थेकडून मानपत्र मिळालें. समारंभ पुण्यांतच होता व घरांतील वडील मनुष्य म्हणून आम्हांस पहिल्या रांगेंत आसन लाभलें. पुतण्यानें छपरावर सौर विजेचीं तावदानें बसविलीं आहेत व कारखान्यांतील वापरलेलें पाणी गाळून तो झाडांस घालतो. तेव्हां मानपत्र अस्थानीं होतें असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु पुष्पगुच्छ प्लॅस्टिकमध्यें गुंडाळलेले आणि प्रत्येक खुर्चीपाशीं पाण्याची प्लॅस्टिकची बाटली! समारंभ आटोपल्यावर अर्ध्यामुर्ध्या बाटल्या एक बाई मुकाट्यानें गोणींत भरीत होती. तिच्याकडे पाहतां पाहतां आमच्या मनांत आलें कीं, या शहरांत असें मानपत्र खरोखर कोणाकोणास द्यावें लागेल?

दुसरे दिवशीं बुधवार होता. सकाळींच काठी घेऊन आम्ही कसब्यांत गेलों. तांबट आळींत शिरतांच हातोड्यांचा तो परिचित नाद कानीं पडला. पेशवाईपासून येथें तांब्याचीं भांडीं घडत आलीं आहेत. तांब्याचा गुण असा कीं, बंब फुटो कीं घंगाळ चेपो, धातु वायां जात नाहीं. वितळवून त्याचें पुनः नवें भांडें होतें. आमच्या लहानपणीं आजीचें घंगाळ मोडीस घालून त्याबदल्यांत कळशी आणल्याचें आम्हांस स्मरतें. त्या व्यवहारास 'पर्यावरण' हें नांव कोणी दिलें नव्हतें, इतकेंच.

तेथून मंगळवार पेठेंतील जुन्या बाजाराकडे वळलों. बुधवारीं व रविवारीं भरत आलेल्या या बाजारांत जुनीं कुलुपें, यंत्रांचे सुटे भाग, घड्याळें, पितळेचे दिवे, सारें पथारीवर मांडलेलें. एकाच्या घरची अडगळ ती दुसऱ्याची गरज, हें अर्थशास्त्र हे विक्रेते कोणत्याही शाळेंत न जातां शिकले आहेत.

पुढें बस धरून मुठेचा पूल ओलांडला. पुलावर नाक दाबावें लागलें, याविषयीं पुणेकर वाचकांस अधिक सांगणें नको. आम्ही कर्वे रस्त्यावर उतरलों. महर्षि कर्वे यांचें नांव येथें नुसत्या पाटीवर नाहीं. त्यांचे नातू आनंद कर्वे व त्यांचे सहकारी यांनीं १९९६ सालीं 'आरती' ही संस्था स्थापिली. शेतांत जाळल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या युक्तीबद्दल २००२ सालीं, आणि खरकट्यापासून गॅस करणाऱ्या छोट्या संयंत्राबद्दल २००६ सालीं, असें दोन वेळां तिला इंग्लंडमधील ॲश्डेन पारितोषिक मिळालें. शेणांतील सत्त्व गुरांनीं आधींच पचविलेलें असतें. उलट शिळा भात, पोळी यांतील पिष्ट जंतूंस आयतेंच मिळतें. त्यामुळें जेथें सुमारें ४० किलो शेण व ४० दिवस लागतात, तेथें २ किलो खरकटें व एक दिवस पुरतो, असें या संस्थेचें गणित आहे.

याच रस्त्यावर महर्षींनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या महिला विद्यापीठाचें पुण्यांतील आवार आहे. तेथील प्रौढशिक्षण विभागांतील अध्यापिका कचरा वेचणाऱ्या स्त्रियांत काम करूं लागल्या, आणि त्यांतून बाबा आढाव यांच्या साहाय्यानें १९९३ सालीं 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. पुढें या स्त्रियांस महापालिकेच्या मान्यतेचीं ओळखपत्रें मिळालीं. २००८ सालीं महापालिकेशीं करार होऊन त्यांच्याच मालकीची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था घरोघरीं कचरा गोळा करूं लागली. जें या स्त्रिया निवडून काढतात, तें न निवडतां कोठें गेलें असतें? उरुळी देवाची व फुरसुंगी या गांवांच्या शिवारांत! तेथें वर्षानुवर्षें पुण्याचा कचरा पडला, विहिरींचें पाणी नासलें आणि ग्रामस्थांस आंदोलनें करावीं लागलीं.

आपल्या धर्मशास्त्रांत गृहस्थाच्या 'पंचसूना' सांगितल्या आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ व पाण्याचा घडा. या पांच ठिकाणीं नकळत हिंसा घडते, म्हणून नित्य पंचमहायज्ञ करावे. जगावयाचें तर कांहीं नासधूस होणारच. मात्र तिची रोज फेड केली पाहिजे, हा त्यांतील भाव. कारखान्यासही त्याच्या सूना असतातच. सौर ऊर्जा, पर्जन्यजलसंचय व गांडूळखत यांबद्दल महापालिका मिळकतकरांत ५ ते १० टक्के सूट देते. तीही एका परीनें फेडीचीच आठवण होय.

विचार करीत घरीं आलों आणि केरसुणीपाशींच अडलों. आमचें कुटुंब चौदा माणसांचें. रोज कचरा नेणारी बाई कित्येक दिवस विनवीत होती, "काका, ओलें-सुकें निराळें ठेवा." एकदां आम्हीं तिला "तें तुझें काम" असें तोडून बोललों होतों. पंधरा दिवसांपूर्वीं फुटलेला कांचेचा पेला आमच्या घरांतून तसाच भाजीच्या देठांत गेला, आणि नंतर तिच्या तळहाताला चिंधी बांधलेली आम्हीं पाहिली होती. पाहिली, पण विचारलें नव्हतें.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही स्वतः दोन डबे घेऊन दारांत उभे राहिलों, चुकीची कबुली दिली आणि तिचें नांव विचारलें. सहा वर्षें ती आमच्या दारीं येते. नांव त्या दिवशीं प्रथम कळलें. ती म्हणाली, "होतं कधीं कधीं, काका. पण कांच कागदांत बांधून निराळी द्या."

पुतण्याचें मानपत्र दिवाणखान्यांत लागलें आहे. त्याखालून डबे नेतांना आतां घरांतील मुलेंही कांच निराळी काढतात.