म्हाताऱ्या बैलाची गव्हाण



घरातले आजोबा थकले, दाढा गेल्या, म्हणजे आपण काय करतो? त्यांच्यापुढे कडक भाकरी ठेवून "खायची तर खा" असे म्हणत नाही. घरची सून भाकरी दुधात नाहीतर वरणात कुस्करते आणि ताट पुढे सरकवते. आजोबांची भूक गेलेली नाही, चावण्याची शक्ती गेली आहे, हे तिला कुणी शिकवावे लागत नाही. मग गोठ्यातल्या म्हाताऱ्या बैलाच्या बाबतीत हे शहाणपण आपण का वापरू नये? आज मला तुमच्याशी एवढ्याच विषयावर चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी कृषी विस्ताराच्या कामातला माणूस. पन्नाशी ओलांडली आहे. गावोगाव फिरताना बी-बियाणे, खते, कीड यांविषयी विचारणारे पुष्कळ भेटतात. पण बैलाच्या म्हातारपणाविषयी फारसे कुणी विचारत नाही. बैल उतरला की "वय झाले" असे म्हणून विषय संपतो. वय झाले हे खरे. पण अंगावरचे मांस जाते ते नुसत्या वयाने नव्हे. पुष्कळ वेळा ते गव्हाणीतल्या चाऱ्यामुळे जाते.

रिसोड तालुक्यातल्या रिठदला मी एका घरी गेलो होतो. काम होते तुरीच्या पिकाचे. ते पाहून झाल्यावर घरधन्याने मला गोठ्याकडे नेले. चौदा वर्षांचा बैल. जोडीदार दोन वर्षांपूर्वी गेलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाठीचा कणा वर आलेला. काका म्हणाले, "काय करू जी साहेब, गव्हाण भरून टाकतो, पण अंगाले लागत नाही." मुलगा म्हणाला, बाजार दाखवावा. काका गप्प राहिले. त्या गप्प राहण्यात काय होते ते शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या माणसाला सांगायला नको. ज्या बैलाच्या बळावर मुलीचे लग्न झाले, विहिरीचे कर्ज फिटले, त्याला दोर लावून बाहेर काढायचे म्हणजे घरातलेच कुणी काढल्यासारखे होते.

खरे उत्तर दिले काकूंनी. त्या म्हणाल्या, "खातो तो, पण गिळत नाही. सकाळी गव्हाणीत चावून टाकलेल्या गोळ्या पडून रायतात."

त्या माउलीने अर्धे निदान करून टाकले होते. मी शेण पाहिले. त्यात बोटभर लांबीच्या काड्या जशाच्या तशा होत्या. बैलाच्या पुढच्या दातांकडे आपण वय पाहण्यापुरते पाहतो. खालच्या जबड्यात पुढे आठ दात. दोन दाती, चार दाती, सहा दाती आणि मग बैल जुळला. वरच्या जबड्यात पुढे दातच नसतात. पण चारा दळण्याचे खरे जाते म्हणजे मागच्या चोवीस दाढा. दहा-बारा वर्षांनंतर हे जाते झिजते. बैल दिवसातले सात-आठ तास रवंथ करतो. जाते झिजले की रवंथ अपुरी होते, जाड काडी पोटात तशीच जाते आणि तशीच बाहेर पडते. गव्हाण रिकामी होते, बैल मात्र उपाशीच राहतो.

म्हणून पहिला नियम असा : गव्हाणीत किती टाकले ते पाहू नका, शेणात काय पडले ते पाहा.

दुसरे काम दोरीचे. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीभोवती दोरी फिरवून घेर मोजा. खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. दोन्ही इंचात घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. वजन किलोत येते. घेर ६६ इंच आणि लांबी ५६ इंच असेल तर वजन सुमारे ३७० किलो. लांबी तीच राहून घेर ६२ वर आला तर वजन सुमारे ३२६ किलो. म्हणजे चार इंचांत ४३ किलो गेले! रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हे उतरणे कळत नाही, दोरीला कळते. दर महिन्याला त्याच दोरीला गाठ मारत चला.

आता चारा. पूर्वी आपल्या भागात ज्वारी पुष्कळ होती, कडब्याच्या गंजी घरोघर असत. सोयाबीन आली आणि कडबा कमी झाला. सोयाबीनचे कुटार गव्हाणीत आले. ते वाईट नाही, पण त्यातली जाड काडी लाकडासारखी असते. तरुण बैल ती रेटून नेतो, म्हाताऱ्याला ती झेपत नाही. म्हाताऱ्यासाठी सोयाबीनचे कुटार चाळून बारीक भाग घ्यावा. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या कुटारातला पाल्याचा, शेंगांच्या टरफलांचा भाग त्याच्यासाठी राखावा. कडबा असेल तर इंचभर कुट्टी करावी. अगदी पीठ मात्र करू नये, नाहीतर रवंथच होणार नाही. कुट्टी संध्याकाळी मिठाच्या पाण्याने ओलवून ठेवावी आणि सकाळी द्यावी. हेच ते भाकरी कुस्करणे!

गव्हाचे कुटार असेल तर युरियाची प्रक्रिया करता येते. १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरावर सारखा शिंपडावा, दाबून ताडपत्रीने हवाबंद करावे आणि २१ दिवसांनी उघडावे. वास उडून गेल्यावर थोडेथोडे देत सवय लावावी. असा चारा मऊ होतो आणि त्यातली प्रथिनेही वाढतात. पण तीन गोष्टी ध्यानात ठेवा. युरियाचे पाणी जनावराच्या तोंडी लागू देऊ नका. लहान वासरांना हा चारा देऊ नका. आणि त्याच्याबरोबर कच्ची सोयाबीन कधीही देऊ नका. कच्च्या सोयाबीनमध्ये असा घटक असतो, की तो युरियाचा अमोनिया झपाट्याने मोकळा करतो आणि जनावराला विषबाधा होऊ शकते. आपल्या जिल्ह्यात चाळणीखालची सोयाबीन घरोघर असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

नुसत्या कोरड्या चाऱ्यावर मांस का राहत नाही, तेही समजून घ्या. बैलाच्या मोठ्या पोटात असंख्य सूक्ष्म जीव चारा कुजवतात. त्यांनाही प्रथिने लागतात. चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिने नसतील तर ते मंदावतात. कडब्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास असतात. म्हणून थोडा खुराक दिला की नुसता खुराकच पचतो असे नाही, चाराही अधिक पचतो.

घरी खुराक करायचा तर १०० किलोला हे प्रमाण ठेवा : मका किंवा ज्वारीचा भरडा ३५ किलो, सरकी ढेप २५, तुरीची चुनी २०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. विसावलेल्या म्हाताऱ्या बैलाला रोज दीड किलो, दोन वेळांत विभागून, भिजवून द्या. उन्हाळ्यात भिजवलेले लवकर आंबते, तेव्हा लागेल तेवढेच भिजवा. हिरवा चारा पाच-दहा किलो मिळाला तर सोन्याहून पिवळे. विहिरीच्या दांडाला हत्तीगवताची चार ठोंबे लावायला काय हरकत आहे? कोणताही नवा खुराक आठ-दहा दिवसांत वाढवत न्यावा. आणि पोळ्याच्या दिवशी पुरणपोळीचा घास भरवा, टोपली नव्हे! एकदम पीठ-धान्य पोटात गेले की आम्ल वाढते आणि सणाच्या रात्री डॉक्टर शोधावा लागतो.

गव्हाण मात्र वेगळी हवी. तरुण गोऱ्ह्याशेजारी बांधलेला म्हातारा सावकाश खातो आणि अर्ध्या पोटी मागे सरतो. आणखी एक : त्याला खुंट्यालाच बांधून ठेवू नका. खाण्याने वजन येते, मांस टिकते ते चालण्याने. सकाळच्या गारव्यात तासभर हलका डवरा, रिकामी बंडी किंवा नुसते माळावर फिरणे, एवढे पुरे आहे.

धनगर बांधव बिऱ्हाड लादायला घोडी बाळगतात, काही घरी वरातीची घोडी असते. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेतून कुणी हौसेने घेऊन येतो. घोडी उतरली की लोक बैलाचाच खुराक तिला चालू करतात. तसे करू नये. घोड्याला रवंथ नाही; जे चावायचे ते पहिल्याच वेळी. त्याच्या दाढांना धारदार कडा येतात, त्या पशुवैद्यकाकडून कानशीने घासून घ्याव्या लागतात. युरियाचा चारा त्याला देऊ नये. बुरशी लागलेले कुटार तर मुळीच नको, पोटशूळ उठतो. भिजवलेला हरभरा, गव्हाचा कोंडा, शिजवलेली थोडी सोयाबीन आणि मऊ गवत, हे दिवसातून तीन-चार वेळा थोडेथोडे द्यावे. सोयाबीन शिजवूनच द्यावी. कच्चीतली प्रथिने त्याला नीट पचत नाहीत.

खुराक देऊनही दोरीची गाठ पुढे सरकली नाही तर रोग शोधा. जंत असतील तर आपला खुराक जंतच खातात. म्हाताऱ्या बैलाला शिंगाचा कर्करोगही होतो. एक शिंग झुकणे, डोके झटकणे, शिंग खांबाला घासणे, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येणे ही लक्षणे दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. हे काम माझ्यासारख्या पिकाच्या माणसाचे नाही.

खर्चाचे म्हणाल, तर तोही मांडून पाहू. रोज सहा किलो चारा धरला तर दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत आठ महिन्यांना साडेचौदा क्विंटल लागतो. उन्हाळ्याच्या चार महिन्यांचा खुराक दीड किलोप्रमाणे १८० किलो होतो. चारा बहुतेक आपल्याच शेतातला असतो. मळणी झाली की आपण तो बांधावर पेटवून देतो किंवा मातीमोल देऊन टाकतो, आणि वैशाखात बैल हाडांचा सापळा झाला म्हणजे विकत शोधतो. बैल ठेवायचा की नाही, हे वैशाखात ठरवायचे नसते, ते मळणीच्या खळ्यावर ठरते. २०१५ पासून आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीला कायद्याने बंदी आहे. म्हाताऱ्या बैलाला बाजार दाखवण्याचा जुना रस्ता बंद झाला. तेव्हा तो आपल्याच दारी राहणार असेल, तर नीट का राहू नये?

रिठदच्या त्या काकांनी कुट्टी ओली करून दिली, गव्हाण वेगळी केली, जंताचे औषध दिले. चार महिन्यांत दोरी दोन इंच पुढे सरकली. बैल तरुण झाला नाही, होणारही नव्हता. पण अंगावर चकाकी आली, आणि सोयाबीनच्या डवरणीला त्याने रोज सकाळचे दोन तास काढले. मुलगा आता बाजाराचे नाव काढत नाही. दोरीच्या गाठी तोच मारतो.

करड्याचे कृषी विज्ञान केंद्र आपल्याच तालुक्यात आहे. चाऱ्याच्या जाती, प्रक्रिया यांविषयी तिथे जाऊन विचारा. आणि यंदा मळणी झाली की कुटाराच्या ढिगातून मऊ, बारीक, पाल्याचा वाटा आधी बाजूला काढा. तो म्हाताऱ्याचा. उरलेला तरुणांचा.